बांधाचे सतरा गुंठे

साखळी तेहतीस फुटी. एक टोक माझ्या हातात,
दुसरं रुक्माण्णाच्या.
मध्ये भाताचे कापलेले खुंट,
आणि मागून शिवलीला हिरेमठ, नव्या तलाठीबाई,
वहीत कन्नड आकडे उतरवत.

चौथं गाव आमचं.

पहिलं होतं शहराला टेकलेलं,
रिंगरोडचे लाल खांब उसाच्या सरीत उभे.
तिथं कोणी तुकडा बदलेना.
एकजण म्हणाला, गुंठ्यात मोजू नका हो,
आता फुटात मोजा.
साखळी गुंडाळली, चहा घेतला, परतलो.

दुसरं कणकुंबीच्या वरच्या अंगाला.
तिथं सगळे तयार.
सगळे म्हणजे सहाजण.
बाकीचे गोव्यात, बेकऱ्यांच्या भट्टीपुढं.
फोनवर म्हणाले, करा की एकत्र,
गव्यांनी तर कधीच करून टाकलंय.
शाळेच्या ओसरीवर आम्ही नकाशा पसरला,
त्यावर वारुळाची माती पडत राहिली.

तिसऱ्याचं काय सांगू,
चिकोडीकडचं, नुसता ऊस.
कागदावर चाळीस बांध, जमिनीवर एकही नाही,
दरसाली नांगराच्या एकेका तासानं
शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा खाल्लेला.

आणि हे आमचं, मार्कंडेयच्या काठचं,
रताळ्यांचं.
चांगुणाक्काची जमीन अकरा ठिकाणी:
टेंबावरचं, दोणीतलं, जांभळीचं,
सासूनं हट्टानं घेतलेलं ते हट्टाचं,
बाकीची तिनं बोटांवर मोजली
आणि एका बोटाशी थांबली, बोलली नाही.
आता सलग एक एकर चार गुंठे, विहिरीला लागून.
वाईट नाही. तीही म्हणाली, वाईट नाही.
मग म्हणाली, "बाई, अकरांना एकच नंबर दिलास,
सकाळी घरातनं निघताना
कुठं चालले म्हणून सांगू?"

नावाला रकाना नव्हता.
शिवलीलाबाईंनी पेन खाली ठेवलं,
पेन्सिल घेतली,
आणि समासात, गोल गोल कन्नड अक्षरांत
अकराही नावं लिहिली, विचारून विचारून.
"दोणी म्हणजे आमच्यात होडी," त्या म्हणाल्या.
"असू दे की," चांगुणाक्का म्हणाली,
"पावसाळ्यात तेच होतंय त्याचं."

भरमाणी आणि ओमाणा, सख्खे भाऊ,
एका हातभर बांधापायी एकोणीस वर्षं कोर्टात.
ट्रॅक्टर त्या बांधावरनं फिरला तेव्हा
दोघं दोन बाजूंना उभे होते.
धूळ बसली. बाजू राहिल्या नाहीत.
कुणी कुणाशी बोललं नाही, खोटं कशाला सांगू.
भरमाणीनं हद्दीचा दगड पाठीवर घालून घरी नेला,
त्यावर आता त्याची सून धुणं आपटते.

संध्याकाळी बेरीज केली.
दोन हात रुंद, मैलाहून लांब,
सगळे मोडलेले बांध मिळून
सतरा गुंठे.
कुणाच्याच उताऱ्यावर नसलेले.
मी तीनदा ताडून पाहिलं.
इतकी वर्षं आम्ही भांडत होतो
त्या भांडणाचंच एक शेत निघालं,
आणि त्यात कधी कुणी काही पेरलं नव्हतं,
गवत सोडून.

देवळाला द्या, कुणी म्हणालं.
सोसायटीच्या गोडाऊनला, कुणी.
रात्री अकरापर्यंत वाद.
शेवटी रस्ता ठरला, ट्रॉली जाईल एवढा,
म्हणजे रताळी डोक्यावरनं आणायला नको.
जांभळ मध्येच येत होती,
तिथं रस्ता थोडा वाकवला.
नकाशात ते वाकण माझ्या हाताची चूक वाटते.
वाटू दे.

दोन सुगी झाल्या त्याला.
चांगुणाक्काची म्हैस पाण्याहून परतताना
सपाट रानातनं सरळ येते,
आणि जिथं जिथं बांध होता
तिथं थबकते,
पुढचा पाय उंच उचलते,
काही नसलेलं ओलांडते,
मग चालू लागते.